दोन फुटांची भीती : ‘झपाटलेला’, चांगदेवाची भिंत आणि खान्देशातली जादू

गेल्या उन्हाळ्यात जळगावला बहिणीकडे गेलो होतो. भाची नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढलेला ‘हॅरी पॉटर आणि परीस’ तिने भर दुपारी पंख्याखाली पडून संपवत आणला होता. मला म्हणाली, ‘‘मामा, तुम्ही एवढी पुस्तके वाचता. आपल्याकडे अशी गोष्ट का नाही? आजच्या काळातली, हसू येईल अशी, त्यात मुलगा मोठा होतो आणि जादूसुद्धा असते?’’ मी घाईने म्हणालो, ‘‘नाही बुवा.’’ परतीच्या एस.टी.त पारोळ्यापर्यंत येईतो ते उत्तर मला खटकू लागले आणि धुळे आले तेव्हा ते चुकले आहे याची खात्री झाली. हा लेख म्हणजे ते उत्तर दुरुस्त करण्याचा प्रयत्न आहे.

आधी एक खुलासा. मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे, आणि आयुष्याची बरीच वर्षे कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात गेली. जे वाचले ते धुळ्याच्या गरुड वाचनालयात आणि जळगावच्या वल्लभदास वालजी वाचनालयात, रविवारी व हंगाम संपल्यावर. त्यामुळे या लेखात सिद्धान्तांची नावे कमी आहेत आणि जमाखर्चाची सवय जास्त आहे. वाचकांनी ती सांभाळून घ्यावी.

१. चार अटी

भाचीच्या प्रश्नात चार अटी होत्या : गोष्ट विनोदी हवी, आजच्या जगातली हवी, तिच्यात जादू हवी आणि तिच्यातले पात्र गोष्ट संपेपर्यंत वयाने नव्हे तर मनाने मोठे व्हायला हवे. मराठीत या चारही अटी एकत्र पाळणारे फार थोडे सापडते. आमच्या पिढीचे जादूचे खाते ‘चांदोबा’ने उघडले. हे मासिक मराठीत १९५२ पासून निघू लागले. पण तिथे राजे, मंत्री, गारुडी आणि वेताळ होते. विजेचा खांब आणि रेशनचे दुकान नव्हते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे हे आजच्या जगातले, खोडकर आणि चांगल्या अर्थाने मोठे होणारे मुलगे. पण त्यांच्या जगात जादू नाही, डोके आहे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मध्ये विनोद आहे, चेटकीण आहे, पण काळ गोष्टीतलाच. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) या चित्रपटात अशोक सराफ भूत झाले आणि प्रभावळकर साधाभोळा मास्तर. ही गोष्ट अटींच्या बरीच जवळ येते, पण भूत आणि मास्तर यांची मैत्री हाच तिचा गाभा आहे.

इथे एक मजेशीर योगायोग नोंदवतो. ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण मूळ प्रयोगात दिलीप प्रभावळकरांनीच केली होती. म्हणजे जादू नसलेला बोक्या ज्यांनी लिहिला, त्यांनीच चेटकीण रंगवली, भुताशी गट्टी करणारा मास्तर रंगवला आणि पुढे १९९३ मध्ये तात्या विंचू होऊन एका बाहुल्याला आवाज दिला. मराठी विनोदी अद्भुताचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर त्याला या एका नटाच्या कारकिर्दीचाच धागा धरून चालता येईल.

‘झपाटलेला’ या महेश कोठारे यांच्या चित्रपटाकडे मी येतो ते याच वाटेने. चारही अटी लावल्या तर मराठीत सर्वांत जवळ बसणारी कृती मला हीच दिसते. तिला आपण अजून गंभीरपणे वाचलेले नाही. ‘बाहुल्याचा सिनेमा’ म्हणून मोकळे झालो.

२. मूल कोण?

गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. तात्या विंचू हा कुख्यात गुंड एका बाबाकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. इन्स्पेक्टर महेश जाधवची गोळी लागून मरताना तो त्या मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला लक्ष्याकडे येतो. लक्ष्या भित्रा, आईच्या पदराखालचा, आणि धंद्याने बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा. ज्याला आपण कोण आहोत हे आधी सांगितले, त्याच माणसाच्या शरीरात शिरून सुटका होईल, असा नियम तात्याला कळतो. आणि तो माणूस असतो लक्ष्या.

हा आराखडा ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटातून घेतला आहे हे उघड आहे. आत्म्याचा खेळण्यात प्रवेश, ‘पहिल्याने ओळख सांगितलेल्या’चा नियम, सगळे तिथले. म्हणून टीकाकारांनी हात झटकले. पण हिशेब लिहिणाऱ्याला माहीत असते की उसनवारीत रक्कम किती घेतली यापेक्षा ती कुठे गुंतवली हे पाहावे लागते. कोठारे यांनी दोन गोष्टी बदलल्या आणि त्या दोन्ही महत्त्वाच्या आहेत.

पहिला बदल असा की अमेरिकी चित्रपटात बाहुला सहा वर्षांच्या मुलाला मिळतो. त्याचे कोणी ऐकत नाही, कारण तो मूल आहे. मराठीत तो बाहुला एका वाढलेल्या पुरुषाच्या हातात येतो. नायक लक्ष्मीकांत बेर्डे हवे होते म्हणून हे झाले, असे व्यवहारी उत्तर देता येईल आणि ते खरेही असेल. पण परिणाम पाहा. अंगाने मोठा, मनाने लहान असा मुलगा आपल्या प्रत्येक गल्लीत होता आणि आहे. त्याला नोकरी नाही, प्रेम आहे पण बोलायची हिंमत नाही, आणि आई अजून त्याच्या ताटात वाढते. आपल्याकडे वयात येणे ही सोळाव्या वर्षाची गोष्ट बहुधा नसतेच. ती पंचविशीत, तिशीत अडकून पडलेली असते. १९९३ मध्ये धुळ्यात हा चित्रपट पाहिला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, जिनिंगमध्ये नुकताच लागलो होतो आणि मालकासमोर माझा आवाज फुटत नव्हता. आजूबाजूला हसणारी बरीच पोरे माझ्याच जातकुळीतली होती. लक्ष्या आम्हाला परका वाटला नाही.

दुसरा बदल याहून बारीक आहे. लक्ष्या शब्दभ्रमाची कला करतो. स्वतःचे तोंड मिटून तो बाहुल्याला बोलायला लावतो. हा त्याचा धंदा आणि हीच त्याची अडचण, कारण जे स्वतः बोलायचे ते तो बाहुल्याकडून बोलून घेतो. अशा माणसाच्या हातात एक दिवस खरोखर आपले आपण बोलणारा बाहुला येतो. तो जिवाच्या आकांताने सांगतो की हा मी बोलत नाही, हाच बोलतो आहे. पण कोण विश्वास ठेवणार? इतकी वर्षे त्याने हेच तर करून दाखवले आहे! अमेरिकी मुलाचे म्हणणे वयामुळे खोटे ठरते. लक्ष्याचे म्हणणे त्याच्या कौशल्यामुळे खोटे ठरते. विनोदाची ही जागा मूळ चित्रपटात नाही, आणि ती केवळ हसवणारी नाही. हातचलाखी आणि जादू यांतला फरक सांगू शकणारा गावातला एकमेव जाणकार हाच, आणि त्यालाच वेडा ठरवले जाते. तो बाहुला ज्यांनी घडवला आणि हलवला ते रामदास पाध्ये स्वतः शब्दभ्रमकार आहेत. पडद्यावरची जादू ही खरे तर एका कलावंताची हातोटी आहे, हे पाहणाऱ्यालाही आतून ठाऊक असते. म्हणून भीती वाटते आणि त्याच क्षणी हसूही येते.

आणि त्या बाहुल्याची उंची! साऱ्या पोलीस खात्याला हवा असलेला गुंड अमर व्हायला गेला आणि दोन फुटांचा झाला. त्याला जिना चढायला त्रास, दाराची कडी काढायला त्रास. मंत्राने त्याला मरणातून सोडवले ते खेळण्यात कोंडण्यासाठी. पुढे शाळांच्या मधल्या सुट्टीत पोरे तात्याचा मंत्र एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत आणि खो खो हसत. ज्या मुलखात मंत्र हा शब्द कुजबुजत उच्चारला जाई, तिथे हे घडले. मराठी विनोदी अद्भुताने केलेले सर्वांत मोठे काम मला हेच वाटते : भीतीची उंची मोजून ती दोन फूट आहे असे त्याने दाखवून दिले.

३. मांडे आणि भिंत

आता मी एकदम सातशे वर्षे मागे जातो आहे असे वाटेल, पण खान्देशातल्या माणसाला ते फार लांब वाटू नये. मरण चुकवायला निघालेला आणि म्हणूनच हास्यास्पद झालेला पहिला माणूस मला तात्या विंचूच्या आधी भेटला होता तो आमच्याच तापीकाठचा चांगदेव.

ही गोष्ट मी पुस्तकात नंतर वाचली, आधी ऐकली ती मोठ्या मायकडून, आखाजीला चुलीशी बसून. आमच्याकडे मांडे पालथ्या खापरावर होतात. दोन्ही हातांवर नाचवत नाचवत मांडा रुमालासारखा पातळ करायचा आणि तापल्या खापरावर टाकायचा. माय ते करता करता सांगे की मुक्ताईला मांडे करायचे होते, गावात कोणी खापर देईना, मग ज्ञानोबाने आपली पाठ तापवली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले. आम्ही पोरे विचारत, ‘‘पाठ भाजली नाही का?’’ माय म्हणे, ‘‘मांडा भाजना, पाठ नही भाजनी.’’ जादूची ही जात नीट पाहण्यासारखी आहे. राज्य जिंकायला नव्हे, शत्रू मारायला नव्हे, तर वाळीत टाकलेल्या चार पोरक्या भावंडांच्या घरात सणाचा घास व्हावा म्हणून ती वापरली जाते.

मग चांगदेव येई. चौदाशे वर्षे योगबळाने काळाला हुलकावणी देत जगलेला. ज्ञानदेवाची कीर्ती ऐकून तो पत्र लिहायला बसतो आणि मायन्यालाच अडतो. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून तीर्थरूप? शेवटी कोराच कागद पाठवतो. तो पाहून मुक्ताई हसते. मोठी माय तिचे बोलणे अहिराणीतच सांगे : ‘‘चौदाशे वरीस जगना, तरी कोराना कोराच ऱ्हायना!’’ आणि खापरासमोर बसलेल्या साऱ्या बाया हसत. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पाठवलेले उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’.

नंतर चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला निघतो. ही चारही भावंडे भिंतीवर बसलेली. पाहुणा येतो आहे, सामोरे गेले पाहिजे, म्हणून ते भिंतीलाच चालवतात. वाघ आणि साप ही जिवंत, भयाने वश केलेली जनावरे. भिंत निर्जीव, कोणालाही न घाबरवणारी. या दोहोंच्या भेटीत चांगदेवाचा गर्व उतरतो. प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) या चित्रपटानंतर ही भिंत महाराष्ट्राच्या डोळ्यांत कायमची बसली. आळंदीत ती आजही दाखवतात. पण मला लहानपणापासून कौतुक वाटते ते भिंत चालण्याचे नाही, थांबण्याचे. ती एकदाच चालली. त्या भावंडांनी तिच्यावर बसून पुन्हा कुठे प्रवास केल्याचे माय कधी सांगत नसे. काम झाले, भिंत परत भिंत झाली.

शेवटी चौदाशे वर्षांचा म्हातारा त्या लहान मुलीला गुरू करतो. मुक्ताबाईंचा जन्म १२७९ चा आणि समाधी १२९७ ची मानतात, म्हणजे आयुष्य जेमतेम अठरा वर्षांचे. मेहूणजवळ तापीकाठी वीज कडाडली आणि त्या गुप्त झाल्या, असे सांगतात. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले ते त्यांच्या नावाने. आणि जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे जुने देऊळ उभे आहे. गुरू आणि शिष्य आमच्या एकाच तालुक्यात आहेत.

श्रद्धेच्या बाजूने या कथेचे अर्थ मोठमोठ्यांनी सांगितले आहेत. माझा तो अधिकार नाही. मी ती गोष्ट म्हणून वाचतो, आणि तशी वाचली की भाचीच्या चारही अटी तिच्यात दिसतात. विनोद आहे, जादू आहे, ती ऐकणाऱ्यांच्या ओळखीच्या चुलीशी आणि पत्राच्या मायन्याशी घडते, आणि कोणीतरी मोठे होते. फरक एवढाच की मोठे होण्याची पाळी इथे मुलीवर येत नाही, म्हाताऱ्यावर येते. ‘झपाटलेला’त मूल कोण, हा प्रश्न मी वर विचारला. आपल्या परंपरेत त्याचे उत्तर वयावर अवलंबून नाही, हे चांगदेवाने आधीच सांगून ठेवले आहे.

४. लपलेली जादू आणि उघडी जादू

हॅरी पॉटरच्या जगातही मरण चुकवणारा माणूस आहेच. व्होल्डेमॉर्ट आपल्या आत्म्याचे तुकडे करून ते वही, अंगठी, लॉकेट अशा वस्तूंत लपवतो. तात्या विंचू त्याचा गरीब चुलतभाऊ शोभावा! पण तिथे मोठे होणे म्हणजे जादू नीट शिकणे आहे. तिची शाळा आहे, इयत्ता आहेत, परीक्षा आहेत, वरती मंत्रालय आहे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की सामान्य माणसांना जादूचा पत्ता लागता कामा नये. रेल्वे स्टेशनातल्या दोन फलाटांमधून वाट फुटते आणि ती फक्त जाणत्यांना दिसते. भाचीला त्या पुस्तकाने जे सुख दिले ते याचेच : रोजच्या कंटाळवाण्या जगाच्या भिंतीमागे काहीतरी लपले आहे, हे समजण्याचे. ते सुख खरे आहे. मी त्याला नाक मुरडणार नाही.

पण आपल्या मुलखाची अडचण उलटी आहे. आपल्याकडे जादू लपलेलीच नाही. ज्या एस.टी.त बसून मी भाचीच्या प्रश्नाचा विचार करत होतो, तिच्यात माझ्या पुढच्या बाकाच्या पाठीवर एका बाबाचे चिकटपत्र होते : करणी, वशीकरण, सौतन से छुटकारा, चोवीस तासांत खात्रीने, आणि खाली मोबाईल क्रमांक. आपली जादू दोन फलाटांच्या मध्ये नसते, सरळ फलाटावर बसलेली असते. तिचे दर ठरलेले असतात. ज्या समाजात जादू कोणाला दिसत नाही, तिथला लेखक ती दाखवून चकित करतो. ज्या समाजात ती रोज दिसते आणि घाबरवते, तिथल्या लेखकाला ती लहान करून दाखवावी लागते. पॉटर आणि तात्या विंचू यांच्यातला खरा फरक इंग्लंड-महाराष्ट्र, श्रीमंत-गरीब निर्मिती असा नसून हा आहे. दोघांची कामे वेगळी आहेत.

आणि इथे विनोद थांबवून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल.

आमचे गाव धुळे आणि अमळनेर यांच्या मधले. आमच्या गल्लीच्या टोकाला एक विधवा राहत असे. तिचा नवरा आधी गेला, मग दोन मुलगे गेले. ती मात्र राहिली. वय किती कोणास ठाऊक, पण पाठ ताठ आणि नजर स्वच्छ. तिच्या तोंडावर कोणी काही बोलत नसे. पाठीमागे एकच शब्द होता : डाकीण. कोणाची म्हैस आटली, कोणाचे पोर रात्री रडले, की तो शब्द पुन्हा गल्लीत फिरे. तिच्या दारावरून जाताना आम्ही पोरे मूठ आवळून थुंकायचो. मीही थुंकलो आहे. दर आखाजीला ती घरोघरी मांडे पाठवी. तिच्याइतका पातळ मांडा गावात कोणाच्या हातून उतरत नसे. आमच्या घरी तो हसतमुखाने घेतला जाई आणि ती वळली की गोठ्यात गाईपुढे टाकला जाई. ज्या मोठ्या मायने मला मुक्ताईच्या मांड्यांची गोष्ट सांगितली, तिनेच तो टाकताना मी पाहिले आहे.

सातपुड्याच्या पट्ट्यात, धुळे जिल्ह्यातून १९९८ मध्ये वेगळ्या झालेल्या नंदुरबारकडे, डाकीण ठरवलेल्या बायांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि ‘तिकडे आदिवासींत असे चालते’ म्हणून पान उलटतो. म्हणूनच सांगतो की आमचे गाव आदिवासी नव्हते. तिथे वाचनालय होते, गणेशोत्सवात व्याख्याने होत, आणि मारहाण कधीच झाली नाही. फक्त मांडे गाईला जात.

चौदाशे वर्षे जगलेल्या पुरुषाला आपण योगी म्हटले. नवऱ्यामुलांच्या मागे उरलेल्या बाईला डाकीण म्हटले. दोघांवर आळ एकच, मरण चुकवल्याचा.

५. कोणावर हसायचे?

या प्रश्नाकडे पाठ करून विनोदी अद्भुताची तरफदारी मला करता येणार नाही. ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये पुन्हा रंगभूमीवर आले, वैभव मांगले यांची चेटकीण पाहायला लहान मुलांची झुंबड उडाली. ती चेटकीण विनोदी आहे, स्वतःवर खूश आहे, मुलांना ती आवडते, आणि पुरुषाने बाईचे सोंग घेतल्याने ती कोणा खऱ्या म्हातारीसारखी दिसत नाही. मुंबई-पुण्याच्या मुलाला चेटकीण फक्त नाटकात भेटते. पण जिथे तो शब्द गल्लीतल्या माणसाला चिकटलेला असतो, तिथे तेच सोंग घेऊन आलेल्या संस्थेने मुलांशी दोन शब्द बोलावेत, एवढी अपेक्षा मला वाजवी वाटते. नाटक बंद करा असे मी म्हणत नाही. हसणाऱ्या मुलाला आपण कोणाला हसतो हे कळावे, इतकेच.

या कसोटीवर ‘झपाटलेला’ पुष्कळ वरचढ ठरतो. तिथली भीती कोणा दुबळ्या म्हातारीच्या अंगावर चढवलेली नाही. ती गुंडाची आहे, त्याच्या हावेची आहे, आणि हसू त्याच्यावरच आहे. मुक्ताईचे हसूही असेच खालून वर जाणारे होते : लहान मुलगी, समोर चौदाशे वर्षांचा दबदबा.

पण शेवटाला चित्रपट कमी पडतो. लक्ष्याचे संकट लक्ष्या सोडवत नाही. बाहुल्याचा अंत होतो तो इन्स्पेक्टरच्या गोळीने. सबंध चित्रपटभर ज्याचा आवाज बाहुल्यात अडकला, त्याने निर्णायक क्षणी स्वतःच्या आवाजात काही करावे, अशी कथेचीच मागणी होती. हातचलाखी आणि जादू यांतला फरक त्यालाच ठाऊक होता. त्या ज्ञानाचा उपयोग पटकथेने केला नाही. त्याऐवजी मोठा माणूस पिस्तूल घेऊन आला. लक्ष्या वाचला, पण मोठा झाला असे म्हणवत नाही. आमच्या पिढीचेही बहुधा तसेच झाले. भीती गेली ती कोणीतरी मारली म्हणून. आम्ही तिच्याकडे पाहिले म्हणून नव्हे.

२०१३ साल याबाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या उन्हाळ्याअखेर ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला. बेर्डे २००४ मध्येच गेले होते. आता लक्ष्याचा मुलगा बाहुले बोलवू लागला होता. २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर वटहुकूम आणि डिसेंबरात विधिमंडळात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते असे जाहीर करणे, तसा संशय पसरवणे, हाही गुन्हा धरला आहे. ते कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमची गल्ली आठवली. इतक्या घरगुती गोष्टीला कायद्यात जागा मिळाली होती. पण कायदाही एका अर्थी इन्स्पेक्टरची गोळीच आहे. ती हवीच. मात्र मूठ आवळून थुंकणाऱ्या पोराला मोठे करण्याचे काम तिचे नाही. ते गोष्टीचे काम आहे.

म्हणून भाचीला मी आता असे उत्तर देईन : आपल्याकडे ही गोष्ट आहे, पण अर्धी. मुक्ताईने तिचा आरंभ करून दिला; ‘झपाटलेला’ने ती आजच्या गल्लीत आणली आणि भीतीची उंची मोजून दाखवली; पुढचे प्रकरण कोणीतरी लिहायचे आहे. त्यात शाळकरी मुलगी असावी, एस.टी. असावी, बाकावरचे चिकटपत्र असावे. खूप हसू असावे. आणि गल्लीच्या टोकाला एक म्हातारी असावी, जिला साऱ्यांनी जादूगार ठरवले आहे. गोष्टीच्या शेवटी त्या मुलीला तिची एकमेव जादू कळावी : तिच्या हातून इतका पातळ मांडा कसा उतरतो ती.

मी झपाटलेला पाहिला त्याच्या पुढच्या वर्षी ती वारली. सुट्टी काढून गावी गेलो होतो. खांदा द्यायला चार माणसे मिळेनात म्हणून कोणीतरी मला हाक मारली. मी गेलो. स्मशानातून परतल्यावर मोठ्या मायने मला विहिरीवर दोनदा आंघोळ करायला लावली. तेव्हा मी काही बोललो नाही. तिने वाढलेले जेवलो आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याला कामावर निघून आलो.